नव्वद मिनिटांचा हिशेब

निकालांच्या हंगामात कर्जतच्या किंवा खोपोलीच्या एखाद्या नाक्यावर उभे राहिले, की अभिनंदनाचे फलक नजरेस पडतात. विद्यार्थ्याचा छोटा फोटो, त्याखाली गुण, त्याखाली क्रमांक, आणि या सर्वांहून मोठा असा अभिनंदन करणाऱ्याचा फोटो. शिष्यवृत्ती, प्रावीण्य, ऑलिम्पियाड हे शब्द त्यावर ठळकपणे येतात. एक गोष्ट मात्र आम्हाला आजवर एकाही फलकावर दिसलेली नाही. ज्या गणितामुळे हा मान मिळाला, ते गणितच तिथे नसते. ही अपेक्षा वाचकांना विक्षिप्त वाटेल याची आम्हाला कल्पना आहे. परंतु याच रायगड जिल्ह्यात कबड्डीच्या सामन्याहून परतलेली पोरे कोणत्या चढाईत सामना फिरला, कोणाची पकड सुटली, हे मध्यरात्रीपर्यंत एकमेकांना सांगत बसतात. गणिताच्या स्पर्धेहून परतलेले मूल 'पेपर सोपा गेला' किंवा 'वेळ पुरला नाही' एवढेच सांगते. सामना संपल्यावर खेळ गावात उरतो. पेपर संपल्यावर गणित उरत नाही. असे का व्हावे, आणि कर्जत-खालापूरसारख्या तालुक्यांत लोकांनी, शिक्षकांनी मिळून गणिताची स्पर्धा भरवायची झाली तर ती कशी असावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एका साध्या हिशेबापासून सुरुवात करू. आपल्या राज्यातील शिष्यवृत्ती परीक्षेच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित मिळून ७५ प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटांचा. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. प्रश्न वाचणे, समजणे, सोडवणे आणि पर्यायाचे वर्तुळ काळे करणे हे सारे त्या ७२ सेकंदांत उरकायचे. आता दुसरे टोक पाहा. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडला १९५९ साली रुमानियात प्रारंभ झाला, भारत तिच्यात १९८९ पासून भाग घेऊ लागला आणि १९९६ साली ती मुंबईत भरली. तिथे दोन दिवसांत मिळून सहा प्रश्न असतात, दररोज तीन प्रश्न आणि साडेचार तास. म्हणजे एका प्रश्नाला ९० मिनिटे. एकीकडे नव्वद मिनिटांत पंचाहत्तर प्रश्न आणि दुसरीकडे तेवढ्याच वेळात एक.

ही तुलना अन्यायाची आहे, असे कोणी म्हणेल. एकीकडे प्राथमिक शाळेतील मुले, दुसरीकडे देशोदेशींचे निवडक कुमार. ते मान्य. पण आमचा मुद्दा काठिण्याचा नाही, सवयीचा आहे. ज्या मुलाने शाळेच्या सर्व वर्षांत एकाही प्रश्नापाशी दहा मिनिटेसुद्धा थांबून पाहिलेले नाही, त्याला गणित म्हणजे काय याची ओळख झाली असे कसे म्हणावे? अडणे, मार्ग चुकणे, मागे येणे, दुसऱ्या बाजूने जाणे आणि मग अचानक उजेड पडणे, हा गणिताचा खरा अनुभव आहे. बहात्तर सेकंदांत फक्त आठवता येते. ज्याला आठवते तो हुशार, असे मग मूलही मानू लागते आणि घरचेही. न आठवणारे मूल 'आपल्याला गणित येत नाही' हा निकाल आयुष्यभरासाठी स्वतःच लिहून टाकते.

स्पर्धाच नको, असे आम्ही म्हणत नाही. स्पर्धेने काय साधते याचा जुना आणि उत्तम दाखला हंगेरीचा आहे. तिथल्या दानिएल आरान्य नावाच्या एका शाळामास्तराने १८९४ साली शालेय मुलांसाठी गणिताचे मासिक काढले. त्यात प्रश्न छापून येत, मुले महिनाभर विचार करून उत्तरे पाठवीत आणि उत्तम उत्तरे त्या त्या मुलाच्या नावानिशी छापली जात. त्याच वर्षी शाळा संपवलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक स्पर्धाही सुरू झाली. प्रश्न अवघे तीन, वेळ चार तास, आणि पुस्तके-टिपणे सोबत बाळगण्याची मुभा. लिपोट फेयर, थिओडोर व्हॉन कार्मान, एडवर्ड टेलर ही पुढे जगाला माहीत झालेली नावे त्या स्पर्धेच्या विजेत्यांत आहेत. मात्र विजेत्यांच्या नावांहून आम्हाला तो छापील उत्तरांचा भाग मोलाचा वाटतो. आपल्या गावापासून शंभर मैलांवरच्या, आपल्याच वयाच्या कोणा मुलीने हाच प्रश्न निराळ्या वाटेने सोडवला, हे वाचणाऱ्या मुलाला स्पर्धा हरूनही काही तरी मिळत होते. आपल्याकडे हरलेल्याला काय मिळते? बहुधा त्याची उत्तरपत्रिकासुद्धा त्याला पुन्हा दिसत नाही.

हंगेरी दूर वाटत असेल तर नाशिकजवळचे देवळाली घेऊ. १९०५ साली डहाणूला जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिक्षक होते. विद्यापीठाची मोठी पदवी त्यांच्यापाशी नव्हती. चार अंकी संख्येवरची त्यांची क्रिया तिसरी-चौथीच्या मुलालाही करता येते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही केले तरी ६१७४ च येते. कोणत्याही संख्येपासून निघा, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही तिथे पोचता. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील आपल्या सदरातून कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा या शाळामास्तराचे नाव जगभर गेले.

आता समजा, खालापूरच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत ही क्रिया शिकवून मुलांना एवढेच विचारले की तीन अंकी संख्येचे काय होते आणि दोन अंकीचे काय? तीन अंकांत मुले ४९५ ला पोचतील. दोन अंकांत मात्र ती चक्रावतील, कारण तिथे एका जागी थांबणे नाहीच. ९, ८१, ६३, २७, ४५ अशी फेरी सुरू राहते. 'असे का?' हा प्रश्न त्या वर्गात कोणीतरी विचारीलच. तो विचारला गेला की स्पर्धेचे काम झाले. याला खडू-फळ्यापलीकडे काही लागत नाही. लागतो तो वेळ, आणि उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विचारू देणारा शिक्षक.

वेळेनंतरची अडचण भाषेची. काही वर्षांपूर्वी अशाच एका लहानशा परीक्षेत आम्ही पर्यवेक्षक म्हणून बसलो होतो. डोंगराकडच्या वाडीतून आलेल्या एका मुलीने हळूच विचारले, "सर, परिमिती म्हंजे काय?" पर्यवेक्षकाने अर्थ सांगायचा नसतो, आम्हीही सांगितला नाही. ती बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिली. पेपर संपल्यावर बाहेर ओट्यावर आम्ही तिला विचारले, की एवढ्या लांबीरुंदीच्या परसाला सगळीकडून तार ओढायची तर किती लागेल? तिने आकाशाकडे पाहिले आणि उत्तर दिले. बरोबर होते. कागदावर तिला त्या प्रश्नाचे शून्य गुण मिळाले असणार. तिची परीक्षा कशाची झाली, गणिताची की संस्कृतोद्भव मराठीची, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनातून जात नाही.

१९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने वंचित वस्त्यांतील मुलांबरोबर जे काम केले, त्यातही पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा हा मोठा अडसर म्हणून पुढे आला होता. ठाकर आणि कातकरी मुलांची घरची बोली आणि छापील प्रश्नाची भाषा यांतले अंतर तर आणखी मोठे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त भुंगे, हंस, मोर आणि साप यांची गणिते आहेत, आणि ती एका मुलीला उद्देशून, बोलल्यासारखी विचारलेली आहेत. परिभाषा शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. ती वर्गात शिकवावी. स्पर्धेत दारावरच्या पहारेकऱ्यासारखी उभी करू नये.

तिसरी अडचण पंचांगाची, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीच्या आसपास उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि आगोटीच्या तोंडाला परततात. मुले आईबापांबरोबर जातात. शिष्यवृत्ती परीक्षा साधारणतः फेब्रुवारीत, आठवीची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक परीक्षा बहुधा डिसेंबरात. म्हणजे तारीख ठरली त्याच क्षणी काही मुले वगळली गेली. कोणी हेतुपुरस्सर वगळली नाहीत, हे खरे. पण जे अजाणता होते ते दरवर्षी होऊ लागले, की त्याला योगायोग म्हणता येत नाही.

आणि ही मुले भट्टीवर बेहिशेबी जगतात असे थोडेच आहे? मजुरी हजार विटांच्या दराने मिळते. मुलांना थर मोजता येतात, फुटलेल्या विटा वजा करता येतात, आगाऊ उचलीतून किती फिटले याचा बोलण्यातला हिशेब ती ऐकत असतात. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गाड्यावर विचारलेल्या हिशेबांची ९८.२ टक्के उत्तरे बरोबर होती. तीच आकडेमोड शाळेसारखी कागदावर मांडून दिली तेव्हा बरोबर उत्तरे ३६.८ टक्क्यांवर आली. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही हेच दिसले. शिवाय शाळेत जाणाऱ्या मुलांना उलट बाजारातले हिशेब जमत नव्हते. म्हणजे ही दरी दोन्ही काठांनी आहे, आणि तिच्यावर साकव बांधायचा तर तो दोन्हीकडून बांधावा लागेल.

येथे एक आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. शासकीय परीक्षांमधून मिळणारा पैसा गरीब घराला खरोखर लागतो. आठवीच्या त्या परीक्षेतून नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ज्या घरात हा पैसा मुलीची शाळा चालू ठेवतो, त्या घराला 'गणिताचा आनंद' हे शब्द ऐकवणे हा उद्दामपणा ठरेल. लाखो मुलांची परीक्षा घ्यायची तर वर्तुळे काळी करण्यावाचून गत्यंतर नाही, हेही आम्हाला कळते. म्हणून त्या परीक्षा आहेत तशा राहोत, त्यांची तयारीही होवो. आमचे म्हणणे एवढेच, की गावाने स्वतः भरवायच्या स्पर्धेने त्यांची नक्कल करू नये. शासनाला लाख मुले मोजायची असतात. दोन तालुक्यांतील शिक्षकांना तशी सक्ती नाही. असे असूनही स्थानिक स्पर्धा भरतात त्या बहुधा त्याच साच्यात: शंभर प्रश्न, एक तास, तीन क्रमांक, एक पाहुणा.

मग काय करावे? तारीख लावणी उरकल्यावर आणि कापणीला हात लागण्याआधीची असावी, म्हणजे सर्व मुले गावी असतील. प्रश्न सहाच असावेत आणि त्यांना अख्खी सकाळ द्यावी. दोघादोघांनी मिळून सोडवायची मुभा असावी. तोंडी उत्तरही चालावे. प्रश्न इथलेच असावेत. विटांचा ढीग घ्या: तळाच्या थरात वीस, वरच्या प्रत्येक थरात एक कमी, टोकाला एक; एकूण विटा किती? बेरीज करून २१० येतीलच. पण तसाच दुसरा ढीग उलटा करून शेजारी लावला तर वीस थरांचा, प्रत्येक थरात एकवीस विटांचा सरळ आयत होतो आणि उत्तर त्याच्या निम्मे, हे ज्या मुलाने विटा रचल्या आहेत त्याला अगोदर दिसण्याचा संभव आहे. किंवा बोरघाट घ्या. कर्जतहून गाडीला मागून जादा इंजिने लागतात, कारण घाटाचा चढ ३७ ला १ आहे; नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीचा चढ २० ला १ इतका. दोहोंत जास्त कोणता? सदतीस मोठे म्हणून बोरघाट, असे निम्मी मुले सांगतील. तिथून जी चर्चा सुरू होईल ती अपूर्णांकाच्या दहा पाठांना भारी पडेल.

आणि शेवटची, आमच्या लेखी सर्वांत महत्त्वाची अट: उत्तरपत्रिका परत द्याव्यात. दुपारी जेवणानंतर शाळेच्या पटांगणात फळा मांडावा आणि मुलांनीच उभे राहून आपापली रीत सांगावी. चुकलेली रीतही सांगावी, कुठे चुकली ते इतरांनी शोधावे. आईबापांनी कडेला बसून ऐकावे; विटांच्या प्रश्नावर त्यांनाही बोलायचे असेल. बक्षीस द्यायचेच तर सर्वांत सुंदर उत्तराला द्यावे आणि ते उत्तर मुलाच्या नावासह, मुलाच्याच अक्षरात, शाळेच्या भिंतीवर वर्षभर राहू द्यावे.

नाक्यावर फलकही लागावा. आमची हरकत नाही. मात्र त्यावर मुलीच्या नावाखाली तिने सोडवलेला प्रश्न असावा, आणि उत्तर नसावे. एसटीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला निदान तेवढा वेळ असतो.