आपोआप काहीच पडत नसतं

मागच्या वर्षी एका सेमिनारला गेलो होतो. पाहुणे बेळगावबद्दल बोलता बोलता सहज म्हणाले, "मराठी इज इन डिक्लाइन हिअर." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

घरी येताना मात्र तो शब्द डोक्यातून जाईना. डिक्लाइन म्हणजे उतार. उतारावर चेंडू सोडला की तो आपला आपणच खाली जातो. ढकलणारा कुणी लागत नाही.

मग आमच्या गावची मराठी शाळा आठवली. एक गुरुजी निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही. पुढं एका बाईंची बदली झाली, तीही जागा रिकामीच. चार वर्गांना एकच शिक्षक उरला. ज्यांना परवडलं त्यांनी पोरं इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये बसवली. कागदावर काय लिहिलं गेलं? 'डिक्लायनिंग एनरोलमेंट.' पट घसरला हे खरंच की! पण त्या दोन रिकाम्या जागा या शब्दांत कुठं दिसतात?

पडत्या काळासाठी इंग्रजीत शब्दांची रासच आहे. डिक्लाइन म्हणजे उतार. डिके म्हणजे कुजणं, सडणं. डिकेडन्स म्हणजे चैनीत बुडालेला ऱ्हास. या शेवटच्या दोघांच्या मुळाशी पडणं या अर्थाचा एकच लॅटिन धातू आहे. चंद्र उतरतो तो वेन, समुद्र ओसरतो तो एब. जवळजवळ सगळे शब्द निसर्गातून उचललेले. फळ सडतं, पाणी ओसरतं, त्यात कुणाची चूक नसते. म्हणूनच हे शब्द वापरायला सोयीचे पडतात.

आपली मराठीही यात मागं नाही. 'उतरती कळा', 'ओहोटी', 'पडता काळ' या शब्दांतही कर्ता नाहीच. पण कळा पुन्हा चढते आणि ओहोटीनंतर भरती येते, एवढी आशा तरी त्यांच्यात आहे. सडलेलं फळ मात्र परत ताजं होत नाही. म्हणून कुठला शब्द निवडला याला महत्त्व आहे.

युरोपातलंच उदाहरण घ्या. एडवर्ड गिबननं १७७६ ते १७८८ या काळात रोमन साम्राज्याच्या 'डिक्लाइन अँड फॉल'वर सहा खंड लिहिले आणि ही शब्दांची जोडी जगभर गेली. रोमनंतरच्या शतकांना 'डार्क एजेस' म्हणायची सवय तर त्याहून जुनी. १९७१ मध्ये पीटर ब्राउन यांनी त्याच काळाकडं 'लेट अँटिक्विटी' म्हणून बघितलं. मग अंधाराच्या जागी नवे धर्म, नवी कला, नवे समाज दिसायला लागले. पण २००५ मध्ये ब्रायन वॉर्ड-पर्किन्स यांनी उलट टपाली विचारलं, चांगली भांडी, कौलं, नाणी कुठं गेली? लोकांचं जगणं खरोखरच खालावलं होतं, असं त्यांचं म्हणणं. गोड नाव दिल्यानं नुकसान भरून येत नाही, हेही लक्षात ठेवायला पाहिजे.

आता आपल्याकडं या. इंग्रजी पुस्तकांत अठरावं शतक म्हणजे 'डिक्लाइन ऑफ द मुघल एम्पायर'. जदुनाथ सरकारांच्या चार खंडांच्या नावातही 'फॉल'च आहे. आणि त्याच शतकात होळकर, शिंदे, गायकवाड उभे राहिले. अहिल्याबाईंचा कारभार १७६७ ते १७९५ चा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यात मराठी घरं रुजली ती याच 'पडत्या' काळात. दिल्लीतून बघितलं तर पडझड, इंदुरातून बघितलं तर उभारणी. आणि बंगालमधून बघितलं तर बर्गींच्या स्वाऱ्यांची भीती, हेही प्रामाणिकपणे सांगू. म्हणजे नाव कोण देतंय आणि कुठं उभं राहून देतंय, हे आधी विचारायचं.

तेच सीमाभागाला लावा. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. ती भरती-ओहोटी नव्हती, तो निर्णय होता. त्याच वर्षी घटनेत कलम ३५०अ आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्यानं सोय करायचा प्रयत्न करावा, असं ते सांगतं. सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा, अजून लोंबकळतोय. निर्णयाला कर्ता असतो, तारीख असते, सही असते. डिक्लाइनला यातलं काहीच नसतं.

पण सगळं दुसऱ्यावर ढकलून चालणार नाही. युनेस्कोनं धोक्यातल्या भाषांसाठी पायऱ्या ठरवल्यात. पहिली पायरी 'व्हल्नरेबल': बहुतेक मुलं भाषा बोलतात, पण ती घरासारख्या ठराविक जागीच उरलेली असते. त्याखालची पायरी: मुलं घरातही ती मातृभाषा म्हणून शिकत नाहीत. कोट्यवधी लोकांची मराठी त्या यादीत बसत नाही. पण आपल्या गल्लीला ही मोजपट्टी लावून बघा. घरात मराठी, ऑफिसात कन्नड, मोबाईलवर इंग्रजी, ही पहिली पायरीच की! आणि तिच्याखाली उतरायचं की नाही, हे कुठलं सरकार ठरवत नाही. घरात पोरांशी कुठल्या भाषेत बोलायचं, ते आपण ठरवतो.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी कुणी 'मराठी संपत चाललीय' म्हटलं तर चिडू नका आणि मानही डोलावू नका. विचारा, कुणी काय केलं? गावातल्या मराठी शाळेत जा. पट किती, शिक्षकांच्या मंजूर जागा किती, त्यातल्या भरलेल्या किती, हे लिहून घ्या. माहिती अधिकारात अर्ज करा. 'शाळेला उतरती कळा लागली' असं लिहू नका. 'अमुक तारखेपासून दोन जागा रिकाम्या आहेत' असं लिहा. पहिल्या वाक्यावर लोक हळहळतात. दुसऱ्याला कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.