अळी पावसाळ्यात, मंजुरी हिवाळ्यात

बुऱ्हाणपूर-नेपानगर पट्ट्यातल्या वाचकांची तक्रार यंदाही तीच आहे: ‘बशीत अळी मेली, सागावर मेली नाही.’ औषधाला बोल लावण्याआधी चाचणी कधी आणि कशी झाली, ते पाहू.

सागपानांची जाळी करणारी युटेक्टोना पावसाळ्याच्या उत्तरार्धात उसळते. चाचणीसाठी अळ्या तेव्हाच गोळा व्हायला हव्यात. पण गोळा करण्याची परवानगी, औषधखरेदीची मंजुरी आणि वाहनखर्च यांचे कागद टेबलाटेबलांवर फिरत राहतात. ते हाती पडतात तेव्हा पानगळ लागलेली असते. मग मार्चअखेर निधी खर्ची पडला पाहिजे म्हणून उरल्यासुरल्या अशक्त अळ्यांवर चाचणी उरकायची! कीड कधी येते हे ज्यांना वर्षानुवर्षे ठाऊक आहे, त्यांच्याकडून ही दिरंगाई अक्षम्य आहे.

दुसरा दोष आपल्याच पदरी येतो. अनेक अहवालांत नुसती मरीची टक्केवारी असते. अळी कितव्या अवस्थेतली, तापमान किती, साध्या पाण्यात बुडवलेल्या पानांवर किती मेल्या, याचा पत्ता नसतो. पाण्याच्या गटातच पाचातली एक अळी मेली, तर चाचणी बाद धरा आणि पुन्हा करा. पाण्याच्या गटातली मर हिशेबातून वजा करणाऱ्या ॲबटच्या सूत्राने ती तारू नका. बीटी या जिवाणूजन्य औषधाची मोजणी २४ तासांनी करून ‘निकामी’ असा शेरा मारणेही थांबवा. बीटी पोटात गेलेली अळी काही तासांत खाणे सोडते, पण मरायला काही दिवस घेते.

बशीतले पान दोन्ही बाजूंनी भिजते. उंच शेंड्यावर रेशमी जाळ्याआड बसलेल्या अळीपर्यंत फवारा तसा पोहोचत नाही. म्हणून बशीतला एलसी-५०, म्हणजे निम्म्या अळ्या मारणारी तीव्रता, रोपवाटिकेपुरता धरावा. त्याच्या बळावर उभ्या जंगलात फवारणी नको. केरळातल्या निलंबूरच्या अभ्यासात सागाची पाने फस्त करणाऱ्या हिब्लिया अळीने कोवळ्या सागाची ४४ टक्के वाढ हिरावली, तर जाळी करणाऱ्या अळीने लक्षणीय घट केली नाही. आधी अळी ओळखा, मग औषध काढा. जुन्या पुस्तिकांतले कार्बारिल तर विसराच. २०१८ पासून देशात त्यावर बंदी आहे.

अधिकाऱ्यांनी मंजुऱ्या जूनपूर्वी द्याव्यात. आणि रोपवाटिकाचालक मित्रांनो, अळीची अवस्था, तापमान आणि पाण्याच्या गटातली मर हे तीन रकाने भरूनच अहवाल पाठवा. त्यांच्याशिवाय आलेला एकही आकडा यापुढे या मासिकात छापला जाणार नाही.