तळपायावरील डाग आणि घरचा जमाखर्च

घरातील आजोबांच्या तळपायावर एक काळसर डाग उमटतो. तो दुखत नाही, खाजत नाही. म्हणून ‘दिवाळीनंतर दाखवू’ असे ठरते. दिवाळी सरते, डाग पसरत राहतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर या दिरंगाईवर चक्रवाढ व्याज चढत असते.

त्वचेचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात कमी आढळतो आणि म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो. त्यातील मेलॅनोमा हा प्रकार आपल्याकडे पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली दिसतो. वेळीच ओळखला तर बहुधा तेवढा भाग कापून काढण्याची लहान शस्त्रक्रिया पुरते. तो लसिकाग्रंथींत शिरल्यावर मात्र मोठी शस्त्रक्रिया, पेट-स्कॅन आणि महिनोन्‌महिने चालणारी इम्युनोथेरपी मागे लागते. या औषधाच्या एकेका मात्रेचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. मग मुदतठेव मुदतीपूर्वी मोडते, दागिने गहाण पडतात. प्रवास, परगावचा मुक्काम आणि मुलाची बिनपगारी रजा तर कोणत्याच बिलात दिसत नाही.

विमा आहे म्हणून निश्चिंत राहणेही योग्य नव्हे. पुष्कळ पॉलिसींत खोलीभाड्याला मर्यादा असते. ती दिवसाला ५,००० रुपये असताना १०,००० रुपयांची खोली घेतली, तर केवळ भाड्यातच नव्हे, शल्यचिकित्सकाचे शुल्क आणि शस्त्रक्रियागृहाचा आकार यांतही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. या बाबींचे २ लाख झाले असल्यास हाती १ लाखच पडतो. म्हणून दाखल होण्यापूर्वी ही अट वाचावी. इम्युनोथेरपीला वेगळी मर्यादा आहे का, हेही पाहावे.

वयाची ७० वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. रुग्णालय योजनेत समाविष्ट आहे आणि हवा तो उपचार तेथे मिळतो, याची आधी खात्री करावी. आयकर कायद्यानुसार, जुनी करप्रणाली निवडणाऱ्यास कर्करोगाच्या उपचारखर्चाची वजावट मिळते. ज्येष्ठ नागरिकासाठी ती कमाल १ लाख रुपये असून विम्यातून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी आणि प्रत्येक पावती जपून ठेवावी.

तथापि सर्वांत मोठी बचत या कागदांत नाही. ‘आपल्या आजारपणाचा भार मुलांवर नको’ या विचाराने अनेक वृद्ध डाग लपवितात आणि नेमका तोच भार अनेक पटींनी वाढतो. नमस्कारासाठी वाकणाऱ्या मुलांना वडिलांची पावले दिसतात, तळवे दिसत नाहीत. एखाद्या संध्याकाळी पायांना तेल लावण्याच्या निमित्ताने तेही पाहावेत.