अलॉय व्हीलचे पापुद्रे का निघतात?

समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी गुरुग्राममधल्या तुमच्या दोन वर्षांच्या गाडीच्या अलॉय व्हीलवर पांढरे डाग आलेत, रंगाचे पापुद्रे सुटतायत?

अलॉयला गंज चढत नाही, असं आपण ऐकलेलं असतं. लाल गंज चढत नाही, हे खरं. पण ॲल्युमिनियमही ओलीने खराब होतं. त्याला जपतो तो वरचा पारदर्शक लॅकरचा थर. फुटपाथला रिम घासली की थर फाटतो, धुक्याची ओल आत शिरते आणि खाली बारीक वेड्यावाकड्या रेषा पसरतात. एनसीआरमध्ये बांधकामाची सिमेंटची धूळही आहेच. ती ओली झाली की ॲल्युमिनियमला खाते.

माझा पहिला संशय मात्र गाडी धुणाऱ्याच्या बाटलीवर. ब्रेकची काळी धूळ झटपट निघावी म्हणून काही जण ॲसिडवालं क्लीनर मारतात, तेही तापलेल्या चाकावर! चाक थंड होऊ द्या, साधा कार शाम्पू आणि मऊ ब्रश वापरा. भांड्यांची तारेची घासणी तर नकोच.

प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. टायर जिथे रिमला घट्ट बसतो ती कड खराब झाली, तर हवा हळूहळू निघते. पंक्चर सापडत नाही, तरी एकाच टायरमध्ये सारखी हवा भरावी लागतेय? मग टायर उतरवून कड बघायला सांगा. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटू शकतो. यमुना एक्सप्रेसवेवरून आग्र्याला निघण्याआधी हे नक्की करा.

रंगवायचं असेल तर जुना थर पूर्ण काढूनच. तडा गेलेलं चाक मात्र बदलाच.