उमराहला जाताना मुक्काम कुठे घ्यावा?

हजचा मोसम आटोपून हाजी मंडळी घरी परतली की आमच्या जतमध्ये उमराहची पत्रके फिरू लागतात. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर कुणीतरी ती वाटत असते आणि मोबाइलवरच्या ग्रुपमध्येही तीच येत राहतात. पंधरा दिवस, विमान, व्हिसा, जेवण, जियारत आणि शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ : ‘हॉटेल हरमच्या जवळ’. घरात चर्चा होते ती रकमेची आणि तारखेची. राहण्याच्या जागेचा प्रश्न त्या एका ओळीवर सोडून दिला जातो. या महिन्यात आम्ही त्या ओळीबद्दलच लिहिणार आहोत, कारण या सफरीत पैसा, थकवा आणि इबादत या तिन्हींचा मेळ बऱ्याच अंशी मुक्कामाच्या जागेवर अवलंबून असतो.

आमचा तालुका दुष्काळी. इथे उमराहचे पैसे एका वर्षात जमत नाहीत. डाळिंबाचे एखादे चांगले साल, विकलेली जनावरे, मुलाच्या पगारातून बाजूला काढलेली रक्कम, अम्मांनी डब्यात जपून ठेवलेल्या नोटा, असे करत ते साठतात. जाणारी व्यक्ती बहुधा साठीच्या पुढची, गुडघ्यांनी कुरकुर सुरू केलेली. माडग्याळची मेंढी घेतानाही आपण दात पाहतो, पाठीवरून हात फिरवतो आणि मगच भाव बोलतो. आयुष्यभराच्या पुंजीवर घेतलेल्या खोलीची तेवढीही चौकशी का करू नये?

मुक्कामाची काळजी आजची नाही. आपले वाडवडील मुंबईला जाऊन क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात उतरत आणि तिथून जहाजाने जेद्दा गाठत. हाजींची ही समुद्रसफर १९९५ पर्यंत चालली. मक्केत उतरण्यासाठी हिंदुस्थानातल्या काही संस्थानांनी ‘रुबात’ म्हणजे धर्मार्थ निवास बांधून ठेवले होते. हैदराबादच्या निजामांची रुबात त्यांपैकी नावाजलेली. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या, म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्याही, हाजींची सोय तिथे सोडत काढून केली जाते. जत हे डफळ्यांचे संस्थान, त्यामुळे तो वाटा आपल्याकडे आला नाही. आज हज कमिटी ऑफ इंडियामार्फत जाणाऱ्या हाजींची जागा कमिटी ठरवते आणि अलीकडे बहुतेकांची सोय अझीझिया भागात होते. उमराहचे तसे नाही. तिथे खासगी टूरवाले असतात आणि निवड आपल्या हातात असते. हात आपला असेल तर डोळेही उघडे हवेत.

मीटर आणि चढ

‘जवळ’ या शब्दाला माप नाही. म्हणून पहिला प्रश्न हॉटेलच्या नावाचा. ‘अमुक हॉटेल किंवा त्या दर्जाचे दुसरे’ एवढेच सांगितले, तर दोन्ही हॉटेलांची नावे मागून घ्या. नाव मिळाले की घरातल्या कॉलेजच्या मुला-मुलीला मोबाइलवरचा नकाशा उघडायला सांगा. त्यात हॉटेलपासून हरमपर्यंतचे अंतर पायी चालण्याच्या मार्गाने मोजा. पत्रकावरचे मीटर कधी कधी कावळ्याच्या उड्डाणाचे असतात, माणूस मात्र रस्त्याने आणि वळणाने चालतो.

दुसरा प्रश्न चढाचा. मक्का डोंगरांमध्ये वसलेले शहर आहे आणि काबा शरीफ त्यातल्या सखल भागात आहे. त्यामुळे अनेक रस्ते हरमकडे उतरतात आणि परतताना चढतात. जाताना पाय आपोआप चालतात, इशा पढून थकलेल्या शरीराने परतताना तोच रस्ता दुप्पट वाटतो. अजयादच्या बाजूची काही हॉटेले नकाशावर अगदी जवळ दिसतात, पण तिथला चढ दम काढतो. मिसफला या नावातच ‘सखल’ असा अर्थ आहे. त्या बाजूचा इब्राहिम खलील रस्ता आपल्या लोकांच्या ओळखीचा. भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी खानावळी तिथे पावलोपावली आहेत. मात्र हॉटेल मुख्य रस्त्यावर आहे की आत गल्लीत चढावर, हे विचारायलाच हवे. अझीझिया मीनाच्या दिशेला, काही किलोमीटर दूर. तिथे खोल्या मोठ्या आणि भाडे कमी, पण प्रत्येक नमाजला बस किंवा टॅक्सी. बस कोणत्या वेळी सुटते, फजरला असते का आणि हरमपासून किती अंतरावर सोडते, हे विचारल्याशिवाय ‘मोफत बस’ या शब्दांवर भुलू नये.

आता साधा हिशेब करू. हॉटेल हरमच्या अंगणापासून ७०० मीटरवर आहे असे धरा. पाच नमाजा म्हणजे जाऊन-येऊन दहा फेऱ्या, म्हणजे दिवसाला ७ किलोमीटर. हॉटेल ३०० मीटरवर असेल तर हेच अंतर ३ किलोमीटर होते. अंगणापासून आत मताफपर्यंतचे चालणे आणखी वेगळे, कारण मस्जिद-ए-हराम फार विस्तीर्ण आहे. उमराहच्या दिवशी तवाफचे सात फेरे आणि त्याशिवाय एकट्या सफा-मरवाच्या सईत ३ किलोमीटरहून थोडे अधिक चालणे. जतमध्ये बसस्टँडवरून घरी यायला रिक्षा करणाऱ्या आपल्या दादीला हे सारे उन्हात करायचे असते, आणि उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशीच्या वर असतो.

दूरचे हॉटेल घेणे भागच असेल तर फेऱ्या कमी करता येतात. असरला गेले की मगरिब आणि इशा पढूनच परतायचे. अशाने दहाच्या सहा फेऱ्या होतात आणि ७ किलोमीटरचे ४.२ राहतात. सोबत खजूर आणि पाण्याची बाटली ठेवावी. झमझम तर आत मिळतेच. जास्त त्रास असणाऱ्यांसाठी हरममध्ये व्हीलचेअरची सोय आहे. ती घेण्यात कमीपणा मानू नये.

खोलीत कोण राहणार?

चार किंवा पाच जणांची खोली स्वस्त पडते. पण ते पाच जण कोण? आपल्याच घरातले की अनोळखी? टूरवाले अनेकदा स्त्रियांना एका खोलीत आणि पुरुषांना दुसऱ्या खोलीत ठेवतात. मग अब्बांच्या साखरेच्या गोळ्या अम्मांच्या पिशवीत आणि अम्मा तीन मजले वर, असे होते. औषधे दोघांच्या पिशव्यांत वाटून ठेवावीत. मोठ्या हॉटेलात नमाज सुटली की लिफ्टसमोर रांग लागते. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालचा मजला आधीच मागून घ्यावा. संडास भारतीय पद्धतीचा की कमोड, हेही लाज न बाळगता विचारावे. गुडघे दुखणाऱ्याला त्या एका गोष्टीने दिवस सुखाचा किंवा कष्टाचा जातो.

आणखी एक बाब घरात बोलली जात नाही, ती आम्ही बोलतो. सोबत सून किंवा मुलगी असेल आणि तिचे हैजचे दिवस आले, तर त्या काळात तिला तवाफ करता येत नाही. सारे कुटुंब हरममध्ये असताना ती खोलीत असते. त्या खोलीला आतून नीट कडी आहे का, खिडकी आहे का, जेवण खोलीवर येते की तिने एकटीने खाली परक्या गर्दीत जायचे, याचा विचार आधीच व्हायला हवा. शरईदृष्ट्या तिने काय करावे हे जाणत्या आलिमांकडून जाण्यापूर्वीच समजून घ्यावे. म्हणून आमचा आग्रह आहे की पत्रक पुरुषांनी मशिदीबाहेरच ठरवून टाकू नये. ते घरी आणावे आणि जाणाऱ्या स्त्रियांपुढे ठेवावे. पायी चालणार त्या आहेत आणि खोलीत राहणारही त्या आहेत.

पैसा कुठे घालावा?

मदिना शरीफ त्या मानाने सपाट आहे. मस्जिद-ए-नबवीच्या आजूबाजूला हॉटेलांची दाटी आहे आणि रस्ते सरळ. तिथे थोडे लांब राहिले तरी वृद्धांना निभावते. म्हणून पैसे मर्यादित असतील तर आमचे मत असे : मक्केत जवळचे, मदिनेत मध्यम. हॉटेल तारांकित आहे की साधे, याला फार महत्त्व देऊ नये. गालिचा आणि झुंबर पाहायला आपण जात नाही. रमजानमध्ये, विशेषतः शेवटच्या दहा दिवसांत, भाडी सर्वांत चढी असतात. तेवढी ऐपत नसेल तर इतर महिन्यांत तेवढ्याच पैशात हरमच्या दाराशी राहता येते. पंधरा दिवस दूर राहण्याऐवजी बारा दिवस जवळ राहणे अनेक वृद्धांना अधिक मानवेल. किती दिवस राहिलो यापेक्षा किती नमाजा हरममध्ये मन लावून झाल्या, हे पाहावे.

बाहेर कुठे जावे?

टूरवाले एकाच सकाळी सात-आठ जागा बसमधून दाखवतात. त्यातून आपली निवड आपण करावी. जबल-ए-नूरवर गार-ए-हिरापर्यंत जायला हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. तरुणांनी पहाटे जावे. वृद्धांनी पायथ्याशी थांबण्यात काही उणे नाही. तिथे २०२३ पासून हिरा सांस्कृतिक केंद्र उघडले आहे आणि वहीची हकिकत सांगणारे प्रदर्शन आहे. दुसऱ्या उमराहसाठी एहराम बांधायला तनईमची मस्जिद-ए-आयशा साधारण ७ किलोमीटरवर आहे. मात्र अंगात ताकद किती आहे ते पाहूनच पुन्हा उमराह करावा.

मदिनेत मस्जिद-ए-कुबाला जायला पायी चालण्याचा प्रशस्त रस्ता आहे, आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी छोट्या गाड्याही असतात. उहुदच्या पायथ्याशी ह. हमजा (रजि.) आणि इतर शहिदांच्या कबरी आहेत. मुले सोबत असतील तर त्यांना हिजाज रेल्वेचे जुने स्टेशन दाखवा. १९०८ मध्ये दमास्कसहून रेल्वे मदिनेपर्यंत आली, त्या काळची ही इमारत आता संग्रहालय आहे. आज मक्का-मदिना मार्गावर २०१८ पासून हरमैन रेल्वे धावते आणि अडीच तासांच्या आसपास पोहोचवते. बसचा लांब प्रवास न झेपणाऱ्यांसाठी ती आहे का आणि तिचे तिकीट रकमेत धरले आहे का, हे विचारावे. रियाज-उल-जन्नामध्ये नमाजसाठी ‘नुसुक’ ॲपवरून वेळ घ्यावी लागते आणि स्त्रियांच्या वेळा वेगळ्या असतात. ही वेळ कोण घेऊन देणार, हे निघण्यापूर्वी ठरवावे.

खरेदी शेवटी ठेवावी. सुरुवातीलाच बाजारात पाय गेले की हरमसाठी ते उरत नाहीत. मक्केत वाट चुकली तर मान वर करावी. ६०१ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा हरमला लागूनच आहे आणि फार दुरून दिसतो. हॉटेलचे कार्ड मात्र प्रत्येकाच्या खिशात किंवा गळ्यात हवे, कारण मनोरा हरम दाखवतो, आपली खोली दाखवत नाही.

कागदावर घ्या

शेवटची गोष्ट कागदाची. हॉटेलांची नावे, पायी अंतर, एका खोलीत किती माणसे, जेवण किती वेळा आणि कुठे, मक्का-मदिना प्रवास कशाने, हॉटेल बदलले तर किती रक्कम परत, हे सारे सही-शिक्क्यानिशी लिहून घ्यावे. पैसे रोख दिले तरी पावती हवीच. ‘दीनचे काम आहे, लिखापढी कशाला?’ असे कुणी म्हणेल. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा हा हुकूम सूरह बकरामध्येच आहे. जो टूरवाला सचोटीचा आहे त्याला लिहून देण्यात अडचण नसते. वचन मोडले गेले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, पण त्यासाठी हातात कागद लागतो.

आणि पैसे भरण्यापूर्वी गावातल्या अशा एखाद्या खालांना भेटावे, ज्या त्याच टूरवाल्याबरोबर जाऊन आल्या आहेत. त्यांना एवढेच विचारावे : इशा झाल्यावर खोलीपर्यंत यायला तुम्हाला किती वेळ लागायचा? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पत्रकावर नसते. जाणाऱ्या प्रत्येकाची सफर अल्लाह सोपी करो आणि कबूल करो, आमीन.