स्कूटरची सर्व्हिसिंग : कंपनीत की चाचांकडे?

मैत्रिणींनो, परळीच्या एका भगिनीचे पत्र गेले दोन आठवडे माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. त्या लिहितात, “माझ्या स्कूटरच्या फ्री सर्व्हिसिंग संपल्या. आमचे हे म्हणतात, आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला उगाच पैसे घालू नकोस, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे टाक. मैत्रीण म्हणते, एकदा बाहेरचा हात लागला की गाडी संपलीच समज. तुम्ही काय करता?”

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र लगेच दिले नाही, कारण ते देताना माझीच एक चूक कबूल करावी लागणार होती. आज तेही करून टाकते.

आपल्या आईच्या पिढीला हा प्रश्नच पडला नव्हता. माझ्या माहेरी दादांची चेतक होती. सकाळी ती सुरू झाली नाही की दादा तिला एका अंगावर कलती करत, पुन्हा सरळ करून किक मारत, आणि तरीही रुसली तर आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येऊन धक्का द्यायची. बजाजची चेतक आणि आपल्या शेजारच्या नगरशी नाते असलेली कायनेटिकची लुना, दोन्ही १९७२ सालच्या. दोन्हींचे पोट उघडून बघावे इतके सोपे. प्लग काढा, पॉलिश पेपरने घासा, कार्बोरेटर पेट्रोलने धुवा, झाले काम. गल्लीतल्या कुठल्याही मिस्त्रीला एक पाना आणि एक पक्कड पुरत असे. मी ज्यांच्याकडे गाडी नेते त्या चाचांनी उमेदीची सारी वर्षे ह्याच दोन गाड्या खोलण्यात घालवली. आवाजावरून दुखणे सांगणारा माणूस.

माझी स्कूटर २०२१ सालची. आता ह्या सालाला महत्त्व आहे बरं का. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना बीएस-६ चे नियम लागू झाले, आणि स्कूटरमधून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. म्हणजे इंजिनात पेट्रोल किती सोडायचे हे आता एक छोटा संगणक ठरवतो. त्याला माहिती पुरवायला ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात. काही बिघडले की समोर पिवळा दिवा लागतो. पण नेमके काय बिघडले ते कळायला गाडीला यंत्र जोडावे लागते. पाना-पक्कडीचे तिथे काम नाही. तुमची गाडी २०२० च्या आधीची असेल तर अर्धा प्रश्न तिथेच मिटला, चांगला मिस्त्री ती डोळे मिटून दुरुस्त करील.

वॉरंटी होती तोवर मी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच नेत होते. “फ्री सर्व्हिसिंग” हा शब्द ऐकून पहिल्यांदा पर्स रिकामीच घेऊन गेले होते, तिथे समजले की फ्री म्हणजे मजुरी फ्री. ऑइलचे पैसे आपले. पण खरी कुरकुर पुढे. सर्व्हिस सेंटरमध्ये एक काचेची खोली असते. त्यात पंखा, गार पाण्याचा जार, कंपनीची रंगीत चित्रे. गाडी आत गेली की आपण काचेच्या ह्या बाजूला. एक तरुण मुलगा हातात पॅड घेऊन येतो आणि “मॅडम, इथे सही” म्हणतो. वॉरंटी संपत आली तेव्हाच्या शेवटच्या सर्व्हिसिंगला बिल झाले २,८४० रुपये. त्यात पॉलिश होते, गंज न लागण्याचे कोटिंग होते आणि इंजिन आतून साफ करण्याचे कसलेसे औषध होते. ह्यातले काही मी मागितले नव्हते, पण सही माझी होती! शाळेत मुलांना मी दहादा बजावते, प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. स्वतः मात्र मॅडम जॉब कार्ड न वाचता सही करून मोकळ्या.

घरी आल्यावर हे बिल बघून काही बोलले नाहीत. न बोलणे हेच बोलणे. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “अगं, एवढ्यात तर महिन्याचा किराणा आला असता की.”

म्हणून मग वॉरंटी संपताच चाचांकडे. तिथे काचेची खोली नाही, लोखंडी स्टूल आहे. त्यावर बसून समोर सगळे दिसते. चाचा काय काढतात, काय घालतात ते सांगत सांगत करतात. पहिल्या खेपेला नऊशे रुपयांत ऑइल, केबल, धुणे सारे झाले. मी खूश. इतकी खूश की पुढच्या वेळी आणखी काटकसर करावी असे मनात आले.

चाचा म्हणाले होते, “बेटा, दोन्ही लायनर घासलेत, बदलावे लागतील. पण कंपनीचेच आण, डब्यावर नंबर बघून आण.” दुकानात गेले तर कंपनीच्या जोडाच्या निम्म्या किमतीत दुसरा जोड. डबा जवळजवळ तसाच, रंग तोच, नावात एखाद्या अक्षराचा फरक. दुकानदार म्हणाला, “सगळे हेच नेतात, ताई.” मी पण तोच नेला. चाचांनी डबा उलटासुलटा करून पाहिला, माझ्याकडे पाहिले, म्हणाले, “हा नको होता.” मी म्हटले, “बसवा हो, चालतो.” गिऱ्हाईक म्हटल्यावर त्यांनी बसवला.

दिवाळीनंतरचे दिवस होते. धाकटीला घेऊन मी कपिलधारला गेले होते. येताना मांजरसुंब्याचा घाट उतरायचा. समोरून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे ट्रक चढत होते. गाठोडी, भांडी, पाळणे, वर बसलेल्या बायका आणि पोरे. मागे एक टँकर. मी आपली जपून ब्रेक दाबत उतरत होते. दोन वळणे झाली आणि डावा लिव्हर दाबला तर तो हाताला मऊ लागला. आणखी दाबला, पार मुठीला टेकला. गाडी थांबेना. नुसती वेग कमी करीत पुढे सरकत राहिली. ह्या गाड्यांना डाव्या लिव्हरने पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक एकदम लागतात. त्यामुळे गेले तर दोन्ही गेले. उजवाही दाबला, पाय खाली टेकवले, चप्पल घासली, आणि कठड्याच्या आतल्या बाजूला खडीवर गाडी कशीबशी उभी राहिली. टँकर भोंगा वाजवत निघून गेला. जळक्या रबरासारखा वास येत होता. धाकटी म्हणाली, “आई, आपण इथे का थांबलो?” मी म्हटले, “डोंगर बघायला.” अर्धा तास आम्ही डोंगर बघत बसलो. मग थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा लागू लागले आणि चालण्याच्या वेगाने घाट उतरून आलो.

मनातल्या मनात चाचांना बोल लावत मी थेट त्यांच्या दुकानी गेले. त्यांनी चाक खोलले आणि लायनर माझ्या हातावर ठेवले. वरचा थर काचेसारखा गुळगुळीत, चकचकीत झाला होता. त्यांनी समजावले ते असे : आपल्या स्कूटरला हाताने टाकायचे गिअर नाहीत. मोटारसायकलवाला खालचा गिअर टाकून इंजिनच्या जोरावर घाट उतरतो. आपल्या गाडीत तो आधार थोडा, बहुतेक भार ब्रेकवर. लायनर आणि ड्रम घासून तापतात. चांगला लायनर ती उष्णता सोसतो. हलका लायनर तापला की त्याची पकड सुटते, आणि एकदा असा भाजून निघाला की गार झाल्यावरही पहिल्यासारखा धरत नाही. गावात, पेठेत, शाळेच्या रस्त्याला हे कळत नाही, कारण तिथे ब्रेक तापायला वेळच मिळत नाही.

चाचा एकदाही “मी सांगितलं होतं” म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर बरे वाटले असते.

तेव्हा परळीच्या भगिनी, कंपनी की मिस्त्री, एवढ्यावर सुरक्षितपणा ठरत नाही हे मी तीनशे रुपये वाचवायला जाऊन शिकले. गाडीत काय बसते आणि ते बसताना आपण बघतो का, हा पहिला प्रश्न. कोण बसवतो हा दुसरा.

चाचांचेही सारेच बरोबर असते असे नाही. एअर फिल्टर ते काढून हवेच्या पाइपने झटकत. जुन्या गाड्यांना ते चालत असे. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत मात्र स्पष्ट लिहिले आहे की हा कागदी फिल्टर तेलकट असतो, तो साफ करायचा नाही, बदलायचा. आणि धुळीच्या भागात नेहमीपेक्षा लवकर बदलायचा. बीडच्या उन्हाळ्यातली धूळ मी तुम्हाला काय सांगू! पुस्तिका मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी मुलाला हाक मारून सांगितले, “हे लक्षात ठेव रे.” ती पुस्तिका आपल्याकडे बहुधा डिकीत पावसाने भिजून चिकटलेली असते. काढा, वाळवा, वाचा.

आणि गेल्या पावसाळ्यात तो पिवळा दिवा लागला. गाडी सुरू होई, मध्येच बंद पडे. चाचांनी प्लग पाहिला, बॅटरी पाहिली, मग हात पुसले. “ह्याला कंपनीचं मशीन लावावं लागेल बेटा, मी उगाच तारा खोलणार नाही.” पुन्हा सर्व्हिस सेंटर, पुन्हा काचेची खोली. ह्या खेपेला मात्र मी जॉब कार्डवर स्वतः लिहायला लावले : “दिवा का लागतो ते पाहणे. दुसरे काहीही करण्याआधी फोन करणे.” त्यांनी यंत्र लावले आणि अर्ध्या तासात दोष सापडला. सेन्सरची तार उंदराने कुरतडली होती! आमच्या ओसरीतल्या उंदराने धान्याच्या कोठीनंतर आता स्कूटरकडे मोर्चा वळवला होता. पॅडवाला मुलगा तोच, पण ह्या वेळी पॉलिशचे नाव काढले नाही.

आता मैत्रीण म्हणते त्याविषयी. बाहेरचा हात लागला की वॉरंटी बाद, असे सर्रास सांगितले जाते. मोटारींच्या बाबतीत हा वाद भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला होता. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. कारण काय, तर ह्या कंपन्या अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. पुढे अपिले झाली, काहींचा दंड कमीही झाला. पण त्या निकालातले एक म्हणणे आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे : बाहेर काम केले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता कामा नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे बिघडले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. निकाल मोटार कंपन्यांबद्दलचा होता हेही खरे. म्हणून मी व्यवहाराचे सांगते. वॉरंटी असेपर्यंत पुस्तिकेतल्या किलोमीटरप्रमाणे कंपनीतच सर्व्हिसिंग करा आणि प्रत्येक बिल जपून ठेवा. काही मोठे निघाले तर वाद घालायला हातात कागद लागतो, आणि उंबरठ्यावर उभे राहून “आम्ही वेळेवर करत होतो हो” म्हणून भागत नाही. बिलात न सांगितलेले काम लावले आणि ऐकूनच घेईनात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

वॉरंटीनंतर मी काम वाटून घेतले आहे. दिवा, सेन्सर, इंजेक्शन, इंजिनच्या आतले काही असेल तर कंपनी. ऑइल, केबल, लायनर, टायर, बल्ब चाचांकडे, पण माल मी विकत घेते. अधिकृत दुकानातून, भागाचा नंबर जुळवून, पक्के बिल मागून. ऑइलची बाटली माझ्यासमोर फोडायची आणि रिकामी झाली की तिला खिळ्याने भोक पाडून द्यायची, म्हणजे ती पुन्हा भरून कुणाच्या गाडीत जाणार नाही. काढलेला भाग परत मागायचा, दोन्ही ठिकाणी. काचेच्या खोलीत पहिल्यांदा मागितला तेव्हा मुलगा हसला, पण आणून दिला.

विजेवरची स्कूटर घेणाऱ्यांनी मात्र घेण्याआधीच चौकशी करावी की आपल्या गावात तिची दुरुस्ती कोण करतो. तिथे चाचांचा अजून फारसा इलाज चालत नाही, आणि गाडी टेम्पोत घालून छत्रपती संभाजीनगरला न्यायची पाळी आली तर वाचलेले पेट्रोल त्यातच गेले. चारचाकीचा हिशेबही असाच, आकडे तेवढे मोठे. आणि जमिनीला टेकलेली, दोनच माणसे बसणारी शर्यतीची मोटार कुणाच्या दारात असेल तर त्यांना मी काय सांगणार? आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावरून ती पलीकडे जायची नाही.

एक तेवढे राहिले. गाडी घरातला पुरुष टाकून येतो आणि संध्याकाळी घेऊन येतो, चालवतो मात्र आपण, असे पुष्कळ घरांत आहे. ब्रेक मऊ लागतो की कडक हे ज्या हाताला कळते त्यानेच जाऊन सांगावे. मी आता शनिवारी शाळा सुटल्यावर जाते. स्टुलावर बसून वह्या तपासते. चाचांचा मुलगा चाक खोलतो, आणि लायनर काढला की न सांगता माझ्यापुढे आणून धरतो.