'तिरंगा' टोमॅटो आणि फवारणीचा पंप

मे २०२० मध्ये अकोले-संगमनेर पट्ट्यातला टोमॅटो धड पिकेना. एकाच फळावर हिरवे, पिवळे, लाल चट्टे. शेतकऱ्यांनी नाव ठेवलं 'तिरंगा'. आधीच कोरोनाची धास्ती, त्यात या टोमॅटोतून माणसाला रोग होतो अशी आवई उठली. वनस्पतींचे विषाणू माणसाला बाधत नाहीत, पण तेव्हा ऐकून कोण घेणार! नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले आणि त्यांत काकडीवरचा मोझॅक विषाणू, म्हणजे सीएमव्ही, सापडला.

अशा वेळी आपल्याकडे पहिली धाव कृषी सेवा केंद्राकडे असते. माझं भांडण तिथेच आहे. लागण झालेलं झाड बरं करणारं औषध दुकानात नाही. लढायचं ते झाडानेच, आणि ते लढतंही.

झाडाकडे अँटीबॉडी नाहीत. विषाणू पेशीत शिरून आपल्या आरएनएच्या प्रती काढू लागला, की डायसर नावाचं एन्झाइम त्या दुपदरी आरएनएचे २१ ते २४ अक्षरांचे तुकडे पाडतं. आर्गोनॉट हे प्रथिन असा तुकडा नमुन्यासारखा धरून जुळणारा आरएनए हुडकतं आणि छाटतं. डेव्हिड बाउलकोंब आणि अँड्र्यू हॅमिल्टन यांनी हे तुकडे १९९९ मध्ये झाडांत दाखवले. झाडाचे स्वतःचे मायक्रोआरएनएही आर्गोनॉटच्याच आधाराने कोणतं जनुक कधी गप्प बसवायचं ते ठरवतात. मायक्रोआरएनएच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं, तो शोध मात्र एका सूक्ष्म कृमीत लागला होता.

सीएमव्ही बेरकी आहे. त्याचं 'टूबी' नावाचं प्रथिन आर्गोनॉटलाच जखडतं. बचाव ढिला पडतो आणि मायक्रोआरएनएचा कारभारही विस्कटतो. पानं सुतळीसारखी अरुंद, वेडीवाकडी होतात त्यामागे हेही एक कारण आहे.

विषाणू पसरवतो मावा. रोगट पानात काही सेकंद सोंड खुपसली तरी विषाणू त्याच्या सोंडेला लागतो, आणि पुढच्या झाडावर बसताच मावा तो देऊन मोकळा होतो. कीटकनाशकाने मावा मरेस्तोवर काम उरकलेलं असतं. त्यापेक्षा जाळीखालची रोपं, प्लॉटच्या कडेने मका-ज्वारीच्या दाट ओळी आणि रोगट झाड दिसताच उपटून गाडणं कामाचं. यात विक्रेत्याला चार पैसे सुटत नाहीत, म्हणून ते कुणी कानीकपाळी ओरडून सांगत नाही.

क्वीन्सलँडच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सीएमव्हीशी जुळणारा दुपदरी आरएनए मातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर चढवून तंबाखूवर फवारला, आणि एका फवारणीत २० दिवस संरक्षण मिळालं. आशा धरावी असंच हे काम आहे, पण प्रयोगातलं तंबाखूचं रोप आणि अकोल्याचं उन्हाळी शिवार यांत फार अंतर आहे.

तोवर निदानाचं तरी बघा. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. संगमनेरच्या शेतकऱ्याने सोमवारी तिथे तपासायला दिलेल्या पानाचा अहवाल त्याच आठवड्यात, पहिल्या तोड्याआधी, त्याच्या मोबाइलवर यावा. या पट्ट्यातल्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात एवढी एक मागणी लावून धरावी.